बाबांची कोरियन खरेदी

साडीच्या दुकानात साडी खांद्यावर टाकून आरशात बघायचं काम बायका करतात. आमच्या सासरी ते काम सासरे करायचे. लग्न ठरल्यावर शालूच्या खरेदीला मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले, तेव्हा मला कुणी याची कल्पना दिली नव्हती. दुकानदारानं गादीवर चार-पाच शालू उलगडले मात्र, हा उंचापुरा, झुबकेदार मिशांचा, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला गृहस्थ उठला, चपला काढून गादीवर चढला आणि डाळिंबी शालूचा पदर स्वतःच्या खांद्यावर घेऊन उभा राहिला. माझी आई माझ्याकडे बघायला लागली आणि मी जमिनीकडे. दुकानदार ओळखीचा असावा, त्यानं मुकाट्यानं निऱ्या धरून दिल्या. मग बाबा तसेच पदरासकट दुकानाबाहेर, भर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

"दुकानातल्या दिव्यांचा काय भरवसा? रंग उजेडात बघावा," ते माझ्या आईला म्हणाले. "सूनबाई माझ्याच रंगाची आहे. मला खुलतोय, म्हणजे तिलाही खुलणार."

म्हणजे मिशा सोडल्या तर मी त्यांच्यासारखी दिसते! पुण्याहून खरेदीला म्हणून हौसेनं सांगलीला गेलेली मी, डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. शालू मात्र असा निघाला की अजूनही कपाटातून काढला की बायका हात लावून बघतात.

बाबा आता नाहीत. त्यांची आठवण निघाली की आमच्याकडे सगळे आधी हसतात आणि मग कुणीतरी चहा टाकायला उठतं. त्यांचा एकच कायदा होता. घरात येणारी कुठलीही नवी वस्तू, औषध, खाणं, अंथरूण, आधी त्यांच्यावर. गादी घ्यायची तर दुकानात पालथे झोपून बघणार. पोरांना ग्राइप वॉटर द्यायचं तर आधी एक चमचा स्वतः पिणार. ड्युसेलडॉर्फला आमच्या बाळाची पहिली लस होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सुई हातात घेतली आणि बाबांनी सदऱ्याची बाही वर केली. "आधी मला टोचा म्हणावं."

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, हे काय म्हणताहेत? मी सांगितलं. जर्मन बाई ती, तिला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. तिनं अगदी गंभीरपणे विचारलं, यांचं लसीकरणाचं पुस्तक आणलंय का?

गंमत म्हणून सांगतेय खरी, पण या कायद्याचं मूळ गमतीचं नव्हतं. सासूबाईंना, म्हणजे मी त्यांना आईच म्हणते, चाळिशीत चेहऱ्यावर कोड उठलं. सावळ्या चेहऱ्यावर दुधासारखे पांढरे डाग. आपल्याकडे हा शब्दसुद्धा लोक आवाज खाली आणून उच्चारतात. त्या काळात कुणीतरी बावचीचं तेल सांगितलं. ते लावून उन्हात बसायचं. बाबांनी ते आधी स्वतःच्या हाताला चोपडलं आणि गच्चीत बसले. हाताला हे एवढाले फोड आले. तेल गेलं मोरीत, पण फोडांचे वण त्यांच्या हातावर शेवटपर्यंत होते. मग वैद्यांनी आंबट वर्ज्य सांगितलं, तर यांचंही आंबट बंद. त्या औषधानं गुण आला नाही, आईंनी पथ्य केव्हाच सोडून दिलं, पण बाबांच्या ताटात मी कधी लोणचं पाहिलं नाही. विचारलं तर म्हणायचे, "सवय गेली."

आईंनी मात्र स्वतःला हळूहळू मागे मागे नेलं. लग्नामुंजीला गेल्या तर स्वयंपाकघरात. फोटोची वेळ आली की यांना नेमकं दूध उतू जाताना दिसायचं. एकदा कुठल्याशा मुंजीला त्यांनी बाजारातलं कसलंसं क्रीम डागांवर थापलं होतं. ते घामानं ओघळलं आणि एका बाईनं चारचौघांत रुमाल पुढे केला. तेव्हापासून त्यांनी तोंडाला पावडरसुद्धा लावली नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आमच्या सासूबाईंचा फक्त हात आहे, अक्षता टाकणारा.

ते दोघं ड्युसेलडॉर्फला आले ते माझ्या बाळंतपणासाठी. माझ्या आईचा व्हिसा काही झाला नाही. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, सगळं बाळंतपण एकटीनं काढलं. डिंकाचे लाडू काय, शेक-शेगडी काय! बाळाला पायांवर घेऊन न्हाऊमाखू घालायच्या, तेव्हा हात असे सराईत चालायचे की बघत राहावं. पण एक गोष्ट माझ्या चौथ्या-पाचव्या दिवशीच लक्षात आली. त्या बाळाला खांद्यावर घेताना मान वळवून घ्यायच्या. त्याच्या तोंडाजवळ आपलं तोंड कधी न्यायच्या नाहीत. आजी आणि नातवाचा पापा घेत नाही, असं कधी झालंय का?

"आई, अहो ते लागत नाही अंगाला. डॉक्टर सांगतात."

"मला का ठाऊक नाही? जन्म गेला यात. पण नको."

मग बारसं ठरलं. इथली मराठी मंडळी, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं-तिघं, घर भरणार होतं. आईंनी जाहीर केलं की मी स्वयंपाकघर सांभाळते, पाळण्यात बाळाला कुणी शेजारणीनं घातलं तरी चालेल. मी रडले. नवरा चिडला. "अगं आई, सख्खी आजी घरात असताना शेजारीण कशाला?" आई पोळ्या लाटत राहिल्या. "लोक बाळाला बघायला येणार की मला? नवीन जीव आहे, उगाच कुणी काही बोलायला नको."

बाबा या सगळ्यात तोंडापुढे टॅबलेटवरचा पेपर धरून बसले होते, पण बोट काही पान उलटत नव्हतं.

आता यात कोरिया कुठून आला ते सांगते. आईंना दुपारी बाळ झोपलं की हिंदीत डब केलेल्या कोरियन मालिका बघायचा नाद लागला होता. एकदा त्या सहज म्हणाल्या, "काय बाई कातडी या लोकांची! दुधावरची साय नुसती. ना डाग, ना वण." बाबांनी पेपर खाली केला. माझ्याकडे बघून विचारलं, "ही माणसं लावतात काय तोंडाला?"

मी म्हटलं, "बाबा, त्यांचं फार मोठं शास्त्र आहे. धा-धा थर देतात."

झालं! माझी एल्टर्नझाइट चालू होती, म्हणजे बाळंतपणाची मोठी रजा, त्यामुळे रोज बाबागाडी घेऊन फिरायला मी आणि बाबा जायचोच. गाडी ढकलायचा मान बाबांचा. आमच्या शहरात स्टेशनाजवळ जपानी-कोरियन दुकानांचा एक अख्खा रस्ता आहे. दुसऱ्याच दिवशी बाबांनी गाडी तिकडे वळवली आणि एका काचेपुढे उभी केली. आत मालिकेतल्यासारख्या चेहऱ्यांची पोस्टरं. बाबांनी गळ्यातली कापडी पिशवी चाचपली. तिच्यात त्यांचा पासपोर्ट असायचा. आपण व्हिजिटर आहोत, केव्हाही कुणीही विचारेल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

दुकानात सगळ्या पंधरा-वीस वर्षांच्या पोरी. त्यांत हा नेहरू शर्ट, वर भर उन्हाळ्यातही स्वेटर, वर कानटोपी. काउंटरमागे पन्नाशीची एक कोरियन बाई होती, नीटनेटकी, केस मागे बांधलेले. बाबांनी तिला संध्याकाळी पाच वाजता "गुटेन मॉर्गन", म्हणजे सुप्रभात, केलं आणि पुढे सगळं मराठीत. "ताई, गिऱ्हाईक मी नाही. गिऱ्हाईक घरी आहे. पण आधी माझ्यावर दाखवा."

मी भाषांतर केलं. बाईंनी नम्रपणे मान लववली आणि दाखवायला सुरुवात केली. पहिलंच क्रीम निघालं गोगलगाईच्या चिकाचं. मला वाटलं, संपली खरेदी. आमच्या सासरी कांद्याला चातुर्मासात बंदी. बाबा बाटलीकडे बघत राहिले.

"मारतात का तिला?"

बाईंनी सांगितलं, नाही नाही, ती नुसती चालते, मागे जे उरतं ते गोळा करतात.

"चालते ना नुसती? मग हरकत नाही. मधमाशीचं आपण खातोच की." असं म्हणून त्यांनी ते मिशांच्या वर दोन्ही गालांना लावलं आणि डोळे मिटून बसले. जणू ती गोगलगाय आत काय करते ते ऐकताहेत. त्या पोरी मोबाइल खाली करून बघत होत्या.

पुढे पंधरा दिवस आमचं हेच चाललं होतं. एकदा तोंडावर चिकटवायचे ते ओले कागदी मुखवटे घरी आणले. बाबा तो लावून रविवारी दुपारी गॅलरीत बसले. आमच्या इमारतीत दुपारची रुहेझाइट, म्हणजे शांततेची वेळ, कडक, टाचणी पडलेली चालत नाही. समोरच्या म्हाताऱ्या बाई फुलांना पाणी घालायला बाहेर आल्या आणि त्यांनी अशी किंकाळी फोडली की रुहेझाइट पार बुडाली. बाबांनी मुखवट्यातूनच हात जोडले. "घाबरू नका, ट्रायल चाललीय!" आई आतून म्हणाल्या, "या वयात काय ही थेरं!" त्यांना वाटत होतं, हे यांचं नेहमीचं खूळ. कशासाठी चाललंय ते बाबांनी त्यांना सांगितलं नव्हतं आणि मलाही सांगू दिलं नव्हतं. "आधी जमू दे. मग सांगू. तिला परत आशा लावायची आणि परत काढून घ्यायची, हे मला नाही व्हायचं."

त्यातून एक गोष्ट मात्र खरंच उपयोगाची सापडली. कोडाची कातडी उन्हात भाजते, आणि इथलं उन्हाळ्यातलं ऊन दिसतं गरीब पण असतं लबाड. बाबांनी उन्हाचं एक क्रीम आठवडाभर कपाळाला लावून पारखलं आणि आईंच्या उशाशी नेऊन ठेवलं. आईंनी ते मुकाट्यानं वापरायला सुरुवात केली. आम्ही ते बघितलं, बोललो काही नाही.

बारशाच्या दोन दिवस आधी बाबा म्हणाले, "चल, आज रंगाचं बघून टाकू." म्हणजे डाग झाकायचा तो रंग. मी बाळाला गुंडाळलं आणि निघालो.

बाईंनी आरशापुढच्या स्टुलावर बाबांना बसवलं आणि गोल डब्या मांडल्या. डब्यांवर आकडे, एकवीस, तेवीस.

"हे वय का?" बाबांनी मला विचारलं. "त्यांना म्हणावं, माझं बहात्तर. बहात्तरचं दाखवा."

बाईंनी तोंडावर हात धरून हसून घेतलं. मग समजावलं, आकडा रंगाचा, मोठा आकडा म्हणजे सावळा, आणि त्यांच्या दुकानात सावळा असा फारसा नाहीच. तरी त्यांनी असेल नसेल तो सगळ्यात गडद रंग काढला आणि बाबांच्या गालावर टिपला. बाबांनी आरशात बघितलं, मान हलवली.

"असं नाही कळायचं. माझ्या तोंडावर डाग कुठाय झाकायला? त्यांच्याकडचा सगळ्यात पांढरा रंग माग."

बाईंनी दिला. बाबांनी चष्मा काढला. करंगळी त्या पांढऱ्यात बुडवली, आरशात बघितलं आणि स्वतःच्या चेहऱ्यावर काढायला लागले. भुवईचं टोक. मग डोळ्याखाली एक लांबट डाग, खाली निमुळता होत गेलेला. ओठांच्या कोपऱ्यात शेंगदाण्याएवढा. एकदा चुकलं, अंगठ्यानं पुसलं आणि परत काढलं, जरा कडेला. रांगोळी काढणाऱ्या बाईचं बोट कसं न अडखळता फिरतं, तसं ते जाड बोट फिरत होतं.

आणि माझ्या अंगावर काटा आला. समोर आई बसल्या होत्या. मिशांसकट, कानटोपीसकट, पण आईच.

मग बाबांनी मान वर केली आणि हनुवटीखाली, गळ्याकडे उतरणारा एक पट्टा काढला. तो डाग मी इतक्या वर्षांत पाहिलाच नव्हता. आई नेहमी पदर गळ्याभोवती घेतात. मला वाटायचं, थंडी वाजते.

"हा पण आहे?" मी विचारलं.

"हा नंतरचा. चार वर्षं झाली. तिला वाटतं मला दिसला नाही."

मी बाबागाडीचा दांडा घट्ट धरून उभी राहिले. या माणसाला मी विक्षिप्त म्हणत आले. माझ्या मैत्रिणींना याच्या गोष्टी सांगून हसवत आले. आणि याच्या बोटांत आख्खी बायको होती. माझ्या नवऱ्याला विचारलं ना, की माझा तीळ डाव्या गालावर की उजव्या, तर तो म्हणेल, तीळ आहे? काउंटरमागच्या बाईंनी मला हळूच जर्मनमध्ये विचारलं, "त्यांची पत्नी?"

"जा," मी म्हटलं. म्हणजे हो.

बाईंनी हातातला फोन बाजूला ठेवला. दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे न बघता त्या बाबांच्या समोर खाली बसल्या आणि एकेका डागावर एकेक रंग लावून दाखवू लागल्या. एक रंग बरा वाटला. आरशात तर डोळ्याखालचा डाग गेल्यासारखाच दिसला. मी आनंदानं "गेनाऊ! हाच!" म्हणून ओरडले, तोवर बाबा उठले, काउंटरवरचा छोटा आरसा एका हातात, ती उघडी डबी दुसऱ्या हातात, आणि तरातरा दुकानाबाहेर!

दारातली चोर पकडायची घंटा ठणाणा वाजायला लागली. पोरी दचकल्या. कुठूनसा काळ्या कपड्यांतला रखवालदार धावला. बाबा फूटपाथवर उभे, अर्धं तोंड पांढरं, अर्धं गुलबट, आरसा समोर धरून आभाळाकडे बघताहेत. ढग होते. ते ऊन यायची वाट बघत होते. रखवालदारानं खांद्यावर हात ठेवल्यावर मात्र त्यांनी गळ्यातून पासपोर्ट काढला. "व्हिजिटर! व्हिजिटर! चोर नाही. कलर चेकिंग!"

मी बाबागाडी घेऊन मागून धावतेय, "एंटशुल्डिगुंग, एंटशुल्डिगुंग" करत माफी मागतेय आणि मनात म्हणतेय, आता पोलिस, आता व्हिसा, आता बारसं राहतं बाजूला. त्या रखवालदाराला मी काय सांगणार होते? की आमच्याकडे साडी रस्त्यावर नेऊन बघतात?

बाई बाहेर आल्या. त्यांनी रखवालदाराला एका वाक्यात आत पाठवलं. आणि मग, इतकी वर्षं मी जर्मनीत राहते, फुटपाथवर कुंडी ठेवायची तर इथं परवानगी लागते, त्या बाईंनी आतून स्टूल आणलं आणि फूटपाथच्या मधोमध मांडलं. सगळ्या डब्या ट्रेमध्ये घालून आणल्या. बाबा बसले. लोक वळसा घालून जात होते. ऊन यायचं, जायचं. त्या कुठूनसं तपकिरी काही आणून रंगात मिसळत होत्या, लावत होत्या, दोन पावलं मागे जाऊन बघत होत्या. माझ्या भाषांतराची दोघांनाही गरज उरली नव्हती. बाबा मराठीत म्हणायचे "लालसर मारतोय", त्या कोरियनमध्ये काहीतरी म्हणायच्या आणि लालसरपणा कमी करायच्या.

पण जमेना. आत दिव्यात बेमालूम दिसणारा रंग बाहेर ऊन पडलं की राखेसारखा व्हायचा. पोपडा आलेल्या भिंतीवर रंगाचा हात मारावा तसा. शेवटी बाबांनी आरसा मांडीवर ठेवला.

"नको. पुन्हा कुणी रुमाल पुढे करायला नको. पुसा, ताई."

बाईंनी सगळं पुसलं. त्यांचे डोळे भरून आले होते, माझं तर विचारूच नका. मी बाबागाडी वळवली. मागे बघते तर बाबांनी पांढऱ्या डबीत परत करंगळी घातलेली. भुवई, डोळ्याखाली, ओठ, हनुवटी. परत सगळं काढलं, या वेळी पहिल्या झटक्यात, आणि उठले.

"चल."

"बाबा, तोंड पुसा ना! असं कसं जायचं?"

"झाकायचं नाहीच जमत, तर मग न झाकता कसं असतं ते बघू या की. आधी मी बघतो."

ती पांढरी डबी त्यांनी विकत घेतली. बाईंनी तिच्याबरोबर मूठभर नमुन्याच्या पुड्या घातल्या आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. आम्ही ट्राममध्ये चढलो. बाबा मुद्दाम समोरासमोरच्या सीटवर बसले, कानटोपी काढून. तिकीट तपासणारा आला, त्यानं तिकीट बघितलं आणि गेला. एक पोरगा टक लावून बघत होता, बाबांनी त्याला जीभ दाखवली, तो हसला. मला वाटलं, चला, हा माणूस म्हणणार, बघ, कुणी मेलं नाही.

मग समोर एक बाई येऊन बसल्या. चांगल्या घरच्या, हातात फुलं. त्यांची नजर बाबांच्या चेहऱ्यावर पडली आणि अशी झटकन खिडकीकडे वळली की चटका बसावा. उतरेपर्यंत त्यांनी मान इकडे वळवली नाही.

आमचा स्टॉप आला. खाली उतरल्यावर बाबा गाडी ढकलायची विसरले, नुसते धरून उभे.

"बघितलंस?"

"हो."

"वाईट नव्हती ती बाई. तिला वाटलं, बघितलं तर बरं दिसणार नाही. मी रोज हिच्या शेजारून चालतो. हिला म्हणतो, कुणी बघत नाही, कशाला मनाला लावून घेतेस. अगं, पण हे तर लागतं."

बहात्तर वर्षांचा माणूस, मिशांत हुंदका अडकलेला, मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांचा हात धरला. आमच्यात सासऱ्यांचा हात धरत नाहीत.

दार आईंनी उघडलं. हाताला कणीक होती. बाबा उंबऱ्यात उभे.

"आता हे काय सोंग घेऊन आलात..." म्हणता म्हणता त्यांचा आवाज थांबला. मला धडकी भरली. वाटलं, यांना चेष्टा वाटणार. जन्मभर झाकलेलं नवऱ्यानं तोंडावर रंगवून गावभर फिरवलं, असं वाटणार. त्यांचा कणकेचा हात आपोआप आपल्या हनुवटीखाली गेला.

"अहो, हा... तुम्हाला ठाऊक होता?"

"होता."

"कधीपासून?"

"आला तेव्हापासून."

आईंनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यांवर घेतला. नवऱ्याची हनुवटी धरून चेहरा इकडे वळवला, तिकडे वळवला. भाजी निवडताना बघतात तसं नीट, एकेक डाग. आरशात त्या इतका वेळ कधी बघत असतील असं मला नाही वाटत. बाबा गुन्हेगारासारखे उभे.

"असेच गेलात? ट्रामनं?"

"असाच."

"लोकांनी बघितलं असेल."

"बघितलं. एकीनं तर तोंड फिरवलं." बाबा खोटं बोलू शकायचे नाहीत, त्याचीच मला भीती वाटत होती. "वाईट वाटलं गं. फार वाटलं. मला माहीत नव्हतं, एवढं वाटतं."

आईंच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. इतक्या वर्षांत त्यांना समजावणारे चिक्कार भेटले होते. लागतं म्हणणारा पहिल्यांदा भेटला असावा. त्यांनी पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला आणि पुन्हा एकदा त्या चेहऱ्याकडे बघितलं. या वेळी जरा लांबून.

"पण वाईट नाही दिसत हो," त्या म्हणाल्या.

बाबागाडीत बाळ जागं होऊन कुरकुरायला लागलं. मी उचलायला वाकले, तर आईंनी मला बाजूला सारलं. हातांची कणीक तशीच, मनगटांवर अलगद धरून त्यांनी त्याला वर घेतलं. मान वळवली नाही. आपला डागाचा गाल त्याच्या गालावर ठेवला आणि तशाच डोलत राहिल्या. ते लेकरू लगेच गप्प झालं.

"बारशाला पाळण्यात मी घालीन," त्या बाळाच्या गालाआडूनच मला म्हणाल्या. "कुणा शेजारणीला सांगू नका."

बाबांनी खिशातून रुमाल काढला. "मग, पुसू का आता?"

"राहू द्या जरा," आई म्हणाल्या.